लाकूड खाणारा सकर उपाशी का मरतो: लाकडाच्या तयारीपासून रात्रीच्या खाण्यापर्यंत

क्लाउन प्लेको हा लाकूड खरवडणारा, सकर गटातला लहान मासा. गेल्या पावसाळ्यात निपाणीहून एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. “काका, क्लाउन प्लेको मेला. टँकमध्ये एवढं मोठं लाकूड हाय, रोज कुरतडत पण होता.” लाकडाशिवाय काय घालत होतास, असं विचारलं तर म्हणाला, “लाकूड खाणारा मासा हाय न्हवं? आणि काय घालायचं?”

हाच प्रश्न मला बेळगावात, खानापुरात, चिकोडीत वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. माझा स्वतःचा पहिला क्लाउन प्लेकोही असाच गेला. दुकानदाराने सांगितलं होतं की लाकूड ठेवा, बाकी काही लागत नाही. मी ते खरं मानलं आणि तीन महिन्यांत मासा गमावला. म्हणून आधी एवढं समजून घ्या: हा मासा लाकूड खरवडतो आणि गिळतो, पण त्यावर जगत नाही. डोनोव्हन जर्मन या संशोधकाने २००९ साली लाकूड खाणाऱ्या सकर माशांच्या आतड्यांचा अभ्यास मांडला. त्यात गिळलेलं लाकूड चार तासांच्या आत बाहेर पडलं आणि नुसत्या लाकडावर ठेवलेल्या माशांचं वजन घटलं. नदीत मासा जे लाकूड खातो ते अर्धवट कुजलेलं, शेवाळ आणि बुळबुळीत थर चढलेलं असतं. त्याचं पोषण त्या थरातून आणि मऊ कुजक्या भागातून होतं. आपण उकळून, घासून ठेवलेल्या लाकडात सुरुवातीला यातलं काहीच नसतं. मासा दिवसभर खातो, विष्ठाही भरपूर टाकतो आणि तरी हळूहळू खंगतो.

लाकूड हवंच, पण जेवण वेगळं द्यायचं.

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक जण आधी मासा घेतात, मग टँक लावतात आणि शेवटी लाकूड शोधतात. हा क्रम उलटा करा. लाकूड तयार व्हायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

## १. कुठला मासा, किती फुटी टँक

आपल्याकडे ‘सकर’ या एकाच नावाखाली चार प्रकारचे मासे विकले जातात. काळपट, ठिपक्यांचा, उंच पंखाचा जो स्वस्त सकर सगळीकडे मिळतो तो लाकडाचा मासा नव्हे. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. हा लेख पॅनाक आणि पॅनाकोलस या दोन गटांबद्दल आहे. यांचे दात चमच्याच्या आकाराचे असतात, म्हणून ते लाकूड खरवडू शकतात.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने क्लाउन प्लेको घ्यावा. काळपट अंगावर पिवळसर पट्टे, मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, वाढून जेमतेम ८-९ सेंटिमीटर. त्याला अडीच-तीन फुटी टँक छान पुरतो. रॉयल प्लेको, म्हणजे राखाडी अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळ्या रेघा आणि लालसर डोळ्यांचा मासा, दुकानात तीन इंचाचा दिसतो, पण त्याची वाढ ४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक लागतो. त्यात साधारण ६८० लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि स्टँड धरला तर वजन पाऊण टनाच्या पुढे जातं. बेळगावच्या शहापूर, वडगाव भागांतल्या जुन्या घरांत लाकडी माडी असते. तिथे वर असला टँक ठेवू नका, तळमजल्यावरच ठेवा.

सावधान: “आता लहान टँक, पुढे मोठा घेऊ” म्हणून रॉयल घेणाऱ्यांपैकी पुढे मोठा टँक घेणारे मी फार थोडे पाहिलेत. मोठ्या टँकची जागा घरात आज असेल तरच रॉयल घ्या.

## २. लाकूड निवडणं आणि तयार करणं

सुकं लाकूड हाताशी असेल तर हे काम मासा आणायच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. फांदी ओली असेल तर सुकवायचे सहा महिने त्याच्या आधी वेगळे धरा.

दुकानातलं मोपानी लाकूड फार टणक असतं. ते बसायला, लपायला बरं, पण खरवडायला मऊ लाकूडही हवं. मी दोन्ही ठेवतो. आपल्या भागात सहज मिळणारं आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पेरूचं. परसातल्या झाडाची मेलेली फांदी चालते. फवारणी होणाऱ्या बागेतली नको.

ही लाकडं घेऊ नका: काजू, आंबा, फणस, वड, उंबर (चिकाची झाडं), रुई आणि कण्हेर (विषारी), निलगिरी, साग आणि पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन (तेल किंवा राळ असते). सुताराकडचे तुकडे, प्लायवूड, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेलं काहीही नको. खानापूरच्या जंगलातून पडलेलं लाकूडसुद्धा उचलून आणू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय ते आणता येत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला गेल्यावर किनाऱ्यावरचं लाकूड गाडीत टाकून आणणारे बरेच असतात. त्यात मीठ मुरलेलं असतं. वापरायचंच असेल तर महिनाभर गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून ठेवावं लागतं आणि मला तरी तो खटाटोप परवडत नाही.

आता तयारीचा क्रम.

अ) सुकवणं. ओली फांदी टँकमध्ये घालायची नाही. साल काढून, सावलीत, निदान सहा महिने सुकवा. सुकली की नाही हे अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुकडा ठेवा, वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा उतरला तर अजून ओलं आहे. दोनदा तोच आकडा आला की सुकलं. पावसाळ्यात हे मोजमाप फसतं, कारण बेळगावच्या जुलैत सुकं लाकूडही हवेतला ओलावा ओढून घेतं.

आ) घासणं. ताठ ब्रशने, नुसत्या पाण्याने घासा. साबण, फिनेल, ब्लिचिंग पावडर यातलं काही नको, कारण लाकूड ते पिऊन घेतं आणि नंतर टँकमध्ये सोडतं.

इ) उकळणं. स्टीलच्या किंवा जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) मोठ्या पातेल्यात तासभर उकळा, पाणी फेका, परत तासभर उकळा. पाणी चहासारखं होईल, ते साहजिक आहे. तांब्याचा हंडा किंवा बंब यासाठी वापरू नका. लाकडाचा अर्क आंबट असतो, तो उकळताना तांबं सोडवतो आणि तांबं या माशांना विष आहे.

ई) भिजवणं. बादलीत किंवा पिंपात दोन ते चार आठवडे ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. तरंगत असेल तर वर दगड ठेवा.

तपासा: लाकूड आपणहून बुडतं का? नाकाशी धरल्यावर मातीसारखा वास येतो का? सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते आतून कुजलंय, टाकून द्या.

टँकमध्ये घातल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, कापसासारखा बुळबुळीत थर येतो. लोक घाबरून लाकूड काढतात आणि पुन्हा घासतात. राहू द्या. या माशाला तोच हवा असतो.

## ३. पाणी, हीटर, फिल्टर

लाकूड भिजत असतानाच टँक चालू करा. नव्या टँकच्या फिल्टरमध्ये विष्ठेतली घाण मोडणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट ही त्या घाणीतून होणारी विषं दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही. मित्राच्या चालत्या फिल्टरमधला स्पंज पिळून तुमच्या फिल्टरमध्ये घातलात तर हा काळ कमी होतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मग ते राकसकोप धरणाचं असो की हिडकल धरणाचं. अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. घरच्या आडाचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी जडपणा (पाण्यातले क्षार) मोजा. बेळगाव-खानापूरच्या जांभ्याच्या पट्ट्यातलं पाणी सहसा हलकं, तर पूर्वेकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं जड. हलक्या पाण्यात जास्त लाकूड घातलं तर पीएच हळूहळू खाली घसरतो, म्हणून दर आठवड्याला मोजा. ६.५ ते ७.५ च्या मध्ये राहिला की झालं. अति जड पाण्यात आरओचं पाणी मिसळून मध्य गाठा. पाणी जसं असेल तसं ते रोज सारखं राहणं जास्त महत्त्वाचं आहे.

बेळगाव थंड आहे हे आपण विसरतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ च्या खाली जातो आणि पावसाळ्यातही आठवडाभर ऊन दिसत नाही. या माशाला २५ ते २८ अंश लागतं. गारठ्यात त्याचं पोट चालत नाही, तो खाणं सोडतो आणि आपण “लाकूड खातोय” म्हणून गप्प बसतो. लिटरमागे साधारण एक वॅट या हिशोबाने हीटर घ्या आणि त्याला प्लास्टिकची जाळी बसवा. हे मासे हीटरला चिकटून बसतात आणि पोट भाजून घेतात.

फिल्टरबाबत हात आखडू नका. लाकूड खरवडणारा मासा भुश्यासारखी विष्ठा ढिगाने टाकतो. बाहेरचा कॅनिस्टर (डब्यासारखा फिल्टर) असेल तर त्याच्या ओढीच्या पाइपला जाड स्पंज लावा, नाहीतर महिन्याभरात आतलं चक्र भुश्याने जाम होतं. शिवाय एक एअर पंप वेगळा ठेवा. लाकूड कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. लाइट गेली की चालेल असा बॅटरीचा छोटा पंप उन्हाळ्यात वळवाच्या दिवसांत फार उपयोगी पडतो.

## ४. मासा निवडणं आणि टँकमध्ये सोडणं

हे मासे लांबून येतात आणि वाटेत बरेच दिवस उपाशी असतात. दुकानात नवा माल आला की लगेच उचलू नका. दोन आठवडे थांबा. मग दुकानदाराला सांगा, “काचेवर बसला की दाखवा, पोट बघायचं आहे.” पोट सपाट किंवा किंचित फुगीर हवं. आत गेलेलं, चमच्याच्या खोलीसारखं दिसलं तर घेऊ नका, दया आली तरी घेऊ नका. डोळे खोल गेलेले असले तर तो सहसा वाचत नाही.

घरी आणल्यावर टँकची लाइट बंद करा. पिशवी वीस मिनिटं टँकवर तरंगू द्या. मग मासा बादलीत घेऊन, बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी तासभर सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. जाळीत पकडताना गालांवरचे आणि पंखांचे काटे अडकतात, म्हणून लहान भांड्याने उचला.

एका टँकमध्ये दोन नर घालू नका. घातलेच तर दोघांना वेगवेगळ्या टोकाला गुहा द्या. सोबत टेट्रा, रास्बोरा, कोरीडोरस हे लहान, शांत मासे चालतात. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि फ्लॉवरहॉर्न, ऑस्करसारखे मासे याला जेवू देत नाहीत.

## ५. खाणं

बहुतेक मासे याच पायरीवर जातात, म्हणून इथे सावकाश वाचा.

वेळ. हा रात्रीचा मासा आहे. दिवसा घातलेलं खाणं बाकीचे संपवतात. टँकची लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने घाला. रात्री खोलीत सगळं शांत झाल्यावर टँकजवळ कान द्या. लाकडावर दात घासल्याचा कर्र कर्र असा बारीक आवाज येतो. मला तो आवाज ऐकून झोपायची सवय झाली आहे. पण आवाज आला म्हणजे पोट भरलं असं धरू नका.

मुख्य भाजी: रताळं. यात आपण भाग्यवान आहोत. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी पिकतात आणि हंगामात मार्केट यार्डात ढीग लागतात. रताळं धुवा, साल काढा, एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. नव्या, अशक्त माशासाठी पाच मिनिटं उकडून मऊ करा. रुळलेल्या माशाला कच्चीच चकती द्या, तो ती लाकडासारखी खरवडतो आणि ती दीड दिवस पाण्यात टिकते. हंगामात एक किलोच्या चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठून सुटलेली चकती मऊ होते.

बाकी भाज्या. तांबडा भोपळा, दोडका, दुधी, काकडी, ढब्बू मिरची, उकडलेले मटार, पालक. काकडीत पाणीच जास्त, तेव्हा रोज काकडी म्हणजे उपासच. कोबी-फ्लॉवरवर फवारणी फार होते, ते मी देत नाही. प्रत्येक भाजी अर्धा तास पाण्यात ठेवून, शक्यतो सोलून द्या.

चकती तरंगू नये म्हणून स्टीलचा काटा तिच्यात खुपसून तळाशी टेकवा. रबर बँड नको, मासा तो कुरतडतो.

किती. तीन इंचाच्या क्लाउनला एका रात्रीसाठी दोन बोटं रुंद अशी एक चकती. मोठ्या रॉयलला अर्धं रताळं. आठवड्यातून पाच रात्री भाजी द्या, मध्ये एक रात्र वेफर, म्हणजे तळाशी बुडणारं माशांचं तयार खाणं.

वेफर. पाकिटामागची यादी वाचा. पहिला घटक स्पायरुलिना (शेवाळाची पूड), वाटाणा किंवा गहू असेल तर ठीक. पहिलाच घटक फिशमील (माशांची पूड) असेल तर ते आठवड्यातून एकदाच आणि थोडंसं. या माशाचं आतडं लांबलचक असतं, मांसाहार जास्त झाला की पोट फुगतं. तरी थोडं प्रथिन लागतंच, विशेषतः क्लाउनला. आठवड्यातून एकदा ताज्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरे.

सावधान: घरात आहे म्हणून सुकट घालू नका. तिच्यात मीठ असतं.

घरचं जेल. १०० ग्रॅम उकडलेले मटार, तेवढाच उकडलेला तांबडा भोपळा आणि मूठभर पालक मिक्सरमधून काढा. २५० मिलीलिटर पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. गॅस बंद करून भाजीचं वाटण मिसळा, थोडं निवल्यावर दोन चमचे स्पायरुलिना पावडर ढवळा, ताटलीत ओतून थापा. घट्ट झाल्यावर वड्या पाडून फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्याकडे आजारातून उठलेला मासा सगळ्यात आधी याच्याकडे येतो. मीठ, मसाला, तेल यातलं काही पडू देऊ नका. मिक्सरचं भांडं आधी नीट धुवा, आदल्या चटणीतली मिरची तिथेच असते.

काढणं. काकडी, दोडका सकाळी काढा. रताळं जास्तीत जास्त दीड दिवस. विसरलेली भाजी पाणी नासवते.

## ६. खातोय की नाही, कसं ओळखायचं

सकाळी काटा काढताना चकती बघा. मध्ये खळगा आणि कडेला दातांच्या बारीक रेघा दिसल्या तर त्याने खाल्ली. कड नुसती विरघळली असेल तर गोगलगायींनी खाल्ली.

अजून खात्रीची परीक्षा तांबड्या भोपळ्याची. रात्री भोपळ्याची फोड द्या आणि दुसऱ्या दिवशी विष्ठेचा रंग बघा. नारिंगी दोरे दिसले तर पोटात गेलंय. सगळे दोरे भुश्याच्याच रंगाचे असतील तर मासा फक्त लाकडावर आहे आणि तुम्हाला लगेच हालचाल करायची आहे.

दर रविवारी, मासा काचेवर असताना मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून पोटाचा फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की कळतो.

पोट आत जायला लागलं तर हा क्रम: आधी तापमान बघा, मग अमोनिया-नायट्राइट, मग सोबतचे मासे खाणं पळवतात का ते. तिन्ही ठीक असेल तर गुहेच्या तोंडाशीच उकडलेलं रताळं किंवा जेल दोन ठिकाणी ठेवा. आठवड्यात सुधारणा नाही तर वेगळ्या टँकमध्ये घ्या. तिथेही लाकूड आणि गुहा हवीच.

औषध घालायची वेळ आलीच तर तांबं असलेलं औषध वापरू नका आणि मिठाचा मारा करू नका. औषध देताना एअर पंप वाढवा.

## ७. सफाई

आठवड्यातून दोनदा सायफनच्या नळीने तळातला भुसा ओढून घ्या. त्यातच पाणी बदलणं उरकतं. आठवड्याला मिळून एकतृतीयांशाच्या आसपास बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर जिवाणू मरतात.

लाकूड सहा महिन्यांत बारीक होतं. संपायची वाट न बघता नवा तुकडा आधीच भिजत घाला आणि जुना असतानाच आत सोडा. सगळं लाकूड एका दिवशी बदललं तर वर साठलेला थर एकदम जातो.

नको झालेला मासा किल्ल्याच्या तलावात किंवा मार्कंडेय नदीत सोडायचा नाही. बाहेरचे सकर देशात अनेक ठिकाणी पाण्यात पसरले आहेत आणि तिथल्या माशांचं नुकसान होत आहे. दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

## गणपतीला गावी जाताना

चार-पाच दिवस बाहेर असाल तर धडधाकट मासा लाकडावर आणि वरच्या थरावर निभावतो. निघायच्या आधीचे आठ दिवस त्याला पोटभर खाऊ घाला. आदल्या दिवशी पाणी बदला, हीटर आणि पंप तपासा, जाताना कच्च्या रताळ्याची एकच लहान, एका रात्रीत संपेल एवढी चकती ठेवा. शेजाऱ्यांच्या हातात वेफरचं पाकीट देऊ नका. प्रेमाने मूठभर घालतात आणि आपण येईपर्यंत पाणी पांढरं झालेलं असतं. त्यांना फक्त लाइट आली-गेली, पंप चालू आहे का एवढं बघायला सांगा. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर चकत्या मोजून, दिवसागणिक वेगवेगळ्या डब्यांत घालून त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि कुठली कधी काढायची ते डब्यावर लिहा. परत आल्यावर, पिशव्या खाली ठेवायच्या आधी, टॉर्च घेऊन पोट बघा.